चुकीचा पत्ता

जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस 'शुद्धिपत्र' नावाचे एक पान जोडलेले असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध असे त्याचे चार रकाने. बहुतेक वाचक त्या पानापर्यंत पोहोचण्याआधीच पुस्तक मिटतात. सेमिनरीत मात्र आम्हांला तशी मुभा नव्हती. ग्रंथालयात नवे पुस्तक आले की शुद्धिपत्र समोर ठेवून प्रत्येक चूक मूळ पानावर पेन्सिलीने दुरुस्त करावी आणि मगच पुस्तक फडताळात ठेवावे, असा आमच्या ग्रंथपाल फादरांचा दंडक होता. हे काम दोघांनी मिळून करावयाचे. एकाने पत्ता वाचावयाचा, 'पृष्ठ ब्याण्णव, ओळ सात'. दुसऱ्याने पान काढून त्या जागी बोट ठेवावयाचे. ऐकावयास सोपे; परंतु ओळ वरून मोजावयाची की खालून, प्रकरणाचे शीर्षक ही ओळ धरावयाची की नाही, याविषयी प्रत्येक मुद्रकाचे धोरण निराळे असे. सातव्या ओळीत सांगितलेली चूक आठवीत सापडे, कधी सापडतच नसे. चूक काय आहे हे हाती असूनही ती कोठे आहे हे न कळल्यामुळे दोन तरुण माणसे एका पानावर डोके खुपसून बसत.

पवित्र शास्त्राचे वाचन करणाऱ्यांना पत्त्याची ही गरज फार पूर्वीच जाणवली होती. आज आपण 'योहान ३:१६' असे सहज म्हणतो आणि शाळकरी मूलही नेमके ते वचन काढून दाखवते. परंतु शुभवर्तमानकारांनी अध्याय पाडले नव्हते की वचनांना क्रमांकही दिले नव्हते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या प्रारंभीची. तिचे श्रेय पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. नव्या करारातील वचनांचे क्रमांक पॅरिसचे मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी १५५१ सालच्या आवृत्तीत छापले. हे काम त्यांनी पॅरिस ते लिओं या प्रवासात केले, असे त्यांच्या मुलाने लिहून ठेवले आहे. त्यावरून, काही वचने भलत्याच ठिकाणी तुटली आहेत ती घोडा अडखळल्यामुळे, असा विनोद पंडितांत रूढ झाला. आपल्या मराठीत ज्ञानेश्वरीचा पत्ता अध्याय आणि ओवी यांनी सांगतात. १६१६ साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणातही ओव्यांना क्रमांक आहेत.

तरीही सर्वांचा पत्ता एक नाही. सेमिनरीतील इंग्रजी ग्रंथांत अध्याय आणि वचन यांमध्ये अपूर्णविराम असे, जर्मन ग्रंथांत स्वल्पविराम, आणि काही जुन्या ग्रंथांत अध्यायाचा आकडा रोमन. 'प्रभू माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र आपण तेविसावे म्हणतो, पण जुन्या लॅटिन बायबलात ते बाविसावे. कारण हिब्रू पाठातील नववे व दहावे ही दोन स्तोत्रे तेथे एकच धरली आहेत आणि पुढची बहुतेक स्तोत्रे एका आकड्याने मागे पडली आहेत. स्तोत्र तेच, पत्ता वेगळा. ज्याला ही खुबी ठाऊक नाही तो भलतेच स्तोत्र उघडून बसतो.

एवढी प्रस्तावना करण्याचे कारण असे, की आमच्या धर्मग्रामात एका लहानशा पुस्तकाच्या छपाईच्या निमित्ताने हाच प्रश्न संगणकाच्या पडद्यावर पुन्हा भेटला.

आमचा भाग गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडचा, जंगलाचा. पाड्यांवर माडिया बोलतात, बाजाराच्या गावांत झाडीबोली चालते आणि शाळेत प्रमाण मराठी. दवाखान्यात काम करणाऱ्या आमच्या सिस्टर केरळच्या. त्यांनी मराठी कष्टाने आत्मसात केली. पण तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आलेली म्हातारी मराठीत बोलत नाही. दुखते कोठे, केव्हापासून, ताप थंडी वाजून येतो काय, लघवीचा रंग कसा आहे, एवढे कळण्यासाठी कोणी शाळकरी मुलगी दुभाषी म्हणून पकडून आणावी लागते. मलेरिया आणि सिकलसेल या दोन्ही व्याधी या भूमीत ठाण मांडून आहेत. तेथे शब्दाची गल्लत परवडत नाही. म्हणून सिस्टरांनी वसतिगृहातील मुलांना हाताशी धरून आजार, अवयव, औषधी वनस्पती आणि रोजच्या व्यवहारातील वाक्ये यांची तीन रकान्यांची यादी केली: माडिया, झाडीबोली, मराठी. पाऊस सुरू होण्यापूर्वी ती पुस्तिका छापून पाड्यांवरील आरोग्यसेविकांच्या हाती जावी, असा त्यांचा आग्रह होता. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडाकडचा रस्ता तुटतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनाही आता ठाऊक आहे.

अक्षरजुळणीचे काम वसतिगृहातच वाढलेल्या एका तरुणाने अंगावर घेतले. तो माडिया घरातला. चंद्रपूरला संगणकाचे शिक्षण घेत होता आणि सुटीत आला होता. देणगीत मिळालेला जुना संगणक, त्यावर विनामूल्य मिळणारी प्रणाली आणि त्याच जातीची 'टेक' नावाची अक्षरजुळणी, एवढे त्याचे भांडवल.

टेकविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली त्यांच्या हाती आली. त्यांतली अक्षरे पाहून त्यांना इतके वाईट वाटले, की त्यांनी लेखन बाजूला ठेवून स्वतःच अक्षरजुळणीची आज्ञावली रचावयास घेतली. काही महिन्यांत संपेल असे वाटलेले ते काम वर्षानुवर्षे चालले. चूक दाखवून देणाऱ्यास बक्षीस देण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध आहे: प्रत्येक चुकीमागे दोन डॉलर छप्पन्न सेंट. हेच कनूथ श्रद्धावान लूथरपंथीय ख्रिस्ती. बायबलातील प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळाव्या वचनाचा अभ्यास करून त्यांनी १९९१ साली एक सुंदर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नावच 'तीन-सोळा'. पत्ता आधी ठरवावयाचा आणि तेथे जे सापडेल त्याचे मनन करावयाचे, अशी ती रीत. टेकला देवनागरीसारख्या लिप्या थेट समजाव्यात अशी सुधारणा 'झीटेक' या नावाने २००४ साली जोनाथन क्यू यांनी केली; ते बायबल भाषांतराच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एस.आय.एल. या संस्थेत होते. आमच्या पुस्तिकेची जुळणी झीटेकवरच व्हावयाची होती.

टेकमध्ये मजकूर साध्या फाइलीत लिहितात. त्यातच 'येथे शीर्षक', 'येथे तक्ता' अशा सूचना पेरतात. मग ती फाइल टेकच्या हवाली करावयाची. टेक ती वाचून पाने रचतो. संगणकाच्या भाषेत बोलावयाचे तर तो एक प्रकारचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्रास हवे त्या रूपात भाषांतर करणारा दुभाषी. सूचनेत काही बिघडले असेल तर तो थांबतो आणि तक्रार नोंदवतो. तक्रारींची एक लांबलचक नोंदवही तयार होते. प्रश्न सुरू होतो तो येथे.

कंपायलरची तक्रार वाचणारा नेहमी माणूसच असतो असे नाही. पुष्कळदा ती आधी वाचतो तो मजकूर लिहिण्यासाठी वापरलेला टेक्स्ट एडिटर. त्याला तक्रार समजली तर एका कळीसरशी तो चुकीच्या ओळीवर जाऊन उभा राहतो. दुसऱ्या कळीला दुसऱ्या चुकीवर. आमच्या ग्रंथालयातील दोघांपैकी पत्ता वाचणारा कंपायलर आणि बोट ठेवणारा एडिटर, अशी ही जोडी. पण बोट ठेवणाऱ्याला पत्त्याची रीत समजली पाहिजे. ग्नू प्रकल्पाने आपल्या आज्ञावलींसाठी ती रीत ठरवून टाकली आहे: आधी फाइलीचे नाव, मग अपूर्णविराम, मग ओळीचा क्रमांक, पुन्हा अपूर्णविराम, त्यापुढे तक्रार. इतरांची घराणी निराळी. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ओळीचा आकडा कंसात देतो. आपल्याकडील महाविद्यालयांतून ज्यावर मुलांच्या पिढ्या शिकल्या तो टर्बो सी आधी 'एरर' म्हणतो, मग फाइलीचे नाव, मग नुसती जागा सोडून आकडा. जर्मन स्वल्पविराम आणि इंग्रजी अपूर्णविराम यांचाच हा प्रकार. विंडोजमध्ये तर फाइलीच्या पत्त्यातच 'सी' या अक्षरापुढे अपूर्णविराम असतो. भोळा एडिटर तेथेच फाइलीचे नाव संपले असे समजून फसतो.

आणि टेकची तऱ्हा याहून न्यारी. तो आधी उद्गारचिन्ह घालून तक्रार सांगतो. मग एक-दोन ओळी सोडून कोठेतरी ओळीचा क्रमांक देतो आणि त्यापुढे ती ओळ दोन तुकड्यांत मोडून दाखवतो: वाचून झालेला भाग वर, न वाचलेला भाग खाली आणि उजवीकडे सरकवून. चूक त्या मोडणीपाशी. माणसाच्या डोळ्याला हे छानच दिसते. परंतु फाइल कोणती हे त्या जागी लिहिलेलेच नसते. नवी फाइल उघडताना टेक डावा कंस लिहून नाव टाकतो आणि ती मिटताना उजवा कंस लिहितो. म्हणजे नोंदवहीच्या आरंभापासून कंस मोजत आले तरच कळते की तक्रारीच्या क्षणी कोणती फाइल उघडी होती. भरीस भर म्हणजे, नोंदवहीची ओळ एकोणऐंशी खुणांवर कापली जाते. लांब नाव मधोमध तुटून त्याचे शेपूट पुढच्या ओळीवर जाते.

आमच्या पुस्तिकेच्या सतरा फाइली होत्या, एकेका प्रकरणाची एक. पहिल्या दिवशी त्या तरुणाने सगळे एकत्र जुळवावयास घेतले तेव्हा पडद्यावरून तक्रारींचा पूर वाहून गेला. इंग्रजीतून. हा मुलगा घरी माडिया बोललेला, पहिलीत मराठी शिकलेला, इंग्रजी त्याची तिसरी भाषा. संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "फादर, बारा नंबरच्या ओळीत चूक आहे म्हणतो. सतरा फाइलींत सतरा बारा नंबरच्या ओळी आहेत. मी कोणती बघू?"

मी म्हणालो, "अरे, तू त्यालाच विचार की." तो हसला नाही. त्याचे म्हणणे विनोदाने उडवण्याजोगे नव्हतेच. महाविद्यालयात सुद्धा असेच होते, असे त्याने सांगितले. यंत्र काहीतरी इंग्रजीत ओरडते, शिकवणारे म्हणतात 'वाचा, त्यात लिहिले आहे', आणि बरोबरची शहरातली मुले पटकन दुरुस्त करून मोकळी होतात. आपल्यालाच हे जमत नसावे असे त्याच्या मनाने घेतले होते. जंगलातून शिकावयास गेलेली आमची कितीतरी मुले अशाच एखाद्या टप्प्यावर परत येतात आणि पुन्हा जात नाहीत. ती मंद नसतात. चूक झाली एवढेच त्यांना कळते. कोठे, ते कळत नाही.

या जिल्ह्यात ही व्यथा केवळ संगणकापुरती नाही. एखाद्या कार्यालयातून अर्ज परत येतो आणि त्यावर 'त्रुटी आहेत' एवढाच शेरा असतो. दाखला जुना आहे, की सही नाही, की गट क्रमांक चुकला, याचा उल्लेख नाही. चाळीस किलोमीटर चालत-बसत आलेला माणूस तो कागद घडी करून पुन्हा कमरेला खोवतो. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हा, दावा फेटाळताना कारणे सविस्तर नोंदवावीत आणि निर्णय दावेदारास प्रत्यक्ष कळवावा, अशी तरतूद त्यात आली. धानोरा तालुक्यातील मेंढा गावाने आपला सामूहिक वनहक्क २००९ सालीच मिळवला होता. पण प्रत्येक गावाला तेवढा अभ्यास आणि तेवढी चिकाटी कोठून यावी? असो. विषय टेकचा चालला आहे.

त्या तरुणाने दोन रात्री जागून एक गाळणी लिहिली. गाळणी म्हणजे छोटी आज्ञावली. एका बाजूने टेकची नोंदवही आत ओतावयाची, दुसऱ्या बाजूने एडिटरला समजेल अशी सुबक यादी बाहेर पडावयाची. तिचे काम मला त्याने उपासनामंदिराच्या पायरीवर खडूने काढून दाखवले. नोंदवहीतील एकेक ओळ घ्यावयाची. डावा कंस आणि नाव दिसले की ते नाव रचलेल्या ताटांच्या उतरंडीवर ठेवावयाचे. उजवा कंस दिसला की सर्वांत वरचे ताट काढावयाचे. कोणत्याही क्षणी वरचे ताट म्हणजे उघडी फाइल. ओळ एकोणऐंशी खुणांची भरली तर पुढची ओळ तिलाच जोडावयाची. उद्गारचिन्ह दिसले की तक्रार लक्षात ठेवून थांबावयाचे. ओळीचा क्रमांक येताच वरच्या ताटावरील नाव, अपूर्णविराम, क्रमांक, अपूर्णविराम, तक्रार असे एका दमात लिहून टाकावयाचे. अडचण एकच: तक्रारीच्या मजकुरातही कधी कंस येतात आणि ताटांची उतरंड ढासळते. त्यावर त्याने तोडगा काढला, की कंसामागोमाग 'टेक' हे शेपूट असलेले नाव असेल तरच ते ताट मोजावयाचे. उरलेल्या कंसांचा वेगळा हिशेब ठेवावयाचा आणि ते आपसांत मिटवावयाचे.

ही गाळणी त्याने 'पर्ल' भाषेत लिहिली. या भाषेचे जनक लॅरी वॉल. १९८७ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. मत्तयच्या तेराव्या अध्यायात मौल्यवान मोती शोधणाऱ्या व्यापाऱ्याचा दाखला आहे, त्या मोत्यावरून त्यांना हे नाव सुचले. त्या नावाची दुसरी एक भाषा आधीच असल्याचे कळल्यावर स्पेलिंगमधले एक अक्षर त्यांनी वगळले. मला अधिक भावली ती त्यांची त्याआधीची हकिकत. वॉल आणि त्यांच्या पत्नी यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला तो, लिपी नसलेली एखादी भाषा शोधून, बहुधा आफ्रिकेत जाऊन, तिला लिपी द्यावी आणि तीत बायबल उतरवावे या हेतूने. प्रकृतीच्या कारणाने तो बेत राहिला. ज्याला एका अलिखित भाषेस लेखणी द्यावयाची होती त्याच्या हातून ही भाषा घडली, आणि तिच्या साहाय्याने गडचिरोलीच्या जंगलात माडिया शब्दांची यादी जुळत होती. मी हे त्या तरुणास सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे फादर, ते येणार होते तिथे आपण आधीच होतो."

पुढे गंमत झाली. गाळणी तयार होऊन चार दिवस झाले असतील; टेकची माहितीपुस्तिका चाळताना त्याला आढळले, की टेकला चालू करतानाच एक विशेष सूचना दिली तर तो स्वतःच फाइल, ओळ आणि तक्रार या रूपात बोलू लागतो. ही सोय कित्येक वर्षांपासून होती. आणखी एक शोध लागला: कनूथ यांच्या मूळ योजनेतच, टेक तक्रार करून थांबला असता 'ई' हे अक्षर दाबले की त्याने एडिटर उघडून त्या ओळीवर न्यावे, अशी तरतूद आहे. दोन रात्रींचे श्रम वाया गेले म्हणून मुलगा हिरमुसेल असे मला वाटले होते. पण त्याने ताटांचा सगळा हिशेब खोडून टाकला आणि गाळणीला दुसरेच काम दिले. पत्ता आता आयता मिळत होता. तक्रार मात्र अजून इंग्रजीतच होती. ती त्याने मराठीत आणली.

टेकच्या तक्रारी शेकडो असल्या तरी आमच्या फाइलींत वारंवार येणाऱ्या पंधरा-वीसच होत्या. आज्ञेच्या नावात एखादे अक्षर चुकले तर टेक 'अज्ञात नियंत्रणक्रम' अशा अर्थाचे काही बोलतो. गाळणीतून ते 'या नावाची सूचना मला माहीत नाही, स्पेलिंग पाहा' असे बाहेर पडू लागले. मजकुरात नुसती अधोरेघ आली की टेकला वाटते गणित सुरू झाले आणि तो डॉलरचे चिन्ह मागतो. येथे डॉलर कसला, असे सिस्टरांनीही विचारले होते. गाळणी आता म्हणे, 'अधोरेघ आली आहे काय? तिच्याआधी तिरकी रेघ द्या.' महिरपी कंस मिटला नाही तर 'उघडलेला कंस मिटलेला नाही. ही ओळ नव्हे, वरच्या ओळीही पाहा.' हे शेवटचे वाक्य मला विशेष आवडले. दुखणे जेथे दिसते तेथेच त्याचे मूळ असते असे नाही, हे दवाखान्यात सिस्टर रोज पाहतात.

त्यानंतर सिस्टर स्वतः एडिटरपुढे बसू लागल्या. एडिटरचे नाव 'विम'. तो आमच्या जुन्या यंत्रावर हलका चालतो म्हणून निवडला होता. पण उघडताच पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन येते, ते पाहून त्या थबकल्या. विमचे निर्माते ब्रॅम मूलेनार हे डच गृहस्थ १९९४ साली युगांडातील किबाले येथे एका बालकेंद्रात पाणी आणि स्वच्छतेच्या कामाचे अभियंते म्हणून स्वयंसेवक होते. एड्सने आईबाप गेलेली तेथली मुले पाहून त्यांनी आपल्या आज्ञावलीची किंमत न घेता, द्यावयाचे ते त्या मुलांना द्या, असे म्हटले. ऑगस्ट २०२३ मध्ये मूलेनार निवर्तले. चुकांची यादी वाचून एकेका ओळीवर नेण्याची विममधील सोय त्यांनी अमिगा संगणकावरील एका सी कंपायलरवरून घेतली होती, असे विमच्या माहितीपत्रकातच नमूद आहे.

हे सर्व असूनही दोन गोष्टींवर गाळणीचा इलाज चालेना. टक्क्याचे चिन्ह ही पहिली. टेकच्या लेखी त्या चिन्हापासून ओळीच्या अखेरपर्यंतचा मजकूर म्हणजे लेखकाने स्वतःसाठी केलेली टीप. ती तो छापत नाही आणि तक्रारही करत नाही. निर्जंतुक करण्याच्या द्रावणाचे प्रमाण ज्या ओळीत होते, ती ओळ छापील पानावर आकड्यापाशीच संपली होती. यंत्र संतुष्ट, यादी कोरी आणि पानावर अर्धे वाक्य.

दुसरी याहून अवघड. 'ॲ' हे अक्षर आपण लिहितो खरे, पण युनिकोडच्या तक्त्यात त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधीच्या टंकांत ते नसते. टंकात अक्षर नसले की झीटेक काम थांबवत नाही; नोंदवहीच्या एका कोपऱ्यात 'अमुक अक्षर या टंकात नाही' असे पुटपुटतो आणि पुढे जातो. छापील पानावर त्या जागी रिकामी चौकट, नाहीतर काहीच नाही. या पुटपुटण्याला फाइल नाही, ओळ नाही. दवाखान्याच्या पुस्तिकेत 'ॲ'ने सुरू होणारे शब्द कमी नसतात. त्या तरुणाने युक्ती केली: एकेक पान पुरे झाले की टेक चौकटी कंसात पानाचा आकडा नोंदवहीत टाकतो, अकरा आणि बारा या आकड्यांच्या मध्ये पुटपुटणे आढळले तर गाळणी सांगे, 'बाराव्या पानाच्या आसपास एक अक्षर हरवले आहे.' आसपास. घराचा क्रमांक नाही तर निदान मोहल्ला तरी. २०२१ पासूनच्या टेकमध्ये अशा हरवलेल्या अक्षराला सरळ चूक मानण्याची सोय झाली आहे. आमच्या जुन्या यंत्रावर ती नव्हती.

देवनागरीचे आणखी एक कौतुक येथे सांगून टाकतो, कारण ते पुस्तकी पंडितांनाही रंजक वाटेल. काही कंपायलर ओळीबरोबर त्या ओळीतील कितवे अक्षर हेही सांगतात. 'क्षेत्र' या शब्दात अक्षरे किती? आपण म्हणू दोन. युनिकोड म्हणेल सात: क, हलन्ताची खूण, ष, मात्रा, त, पुन्हा हलन्त, र. साठवणीच्या एककांत मोजणारा म्हणेल एकवीस, कारण प्रत्येक खुणेला तीन एकके लागतात. सी भाषेच्या ग्नू कंपायलरची मोजणी पूर्वी या तिसऱ्या प्रकारची होती. २०२१ सालच्या अकराव्या आवृत्तीपासून तो पडद्यावरील रुंदीप्रमाणे मोजतो. त्याआधी मराठी शब्द असलेल्या ओळीत त्याने सांगितलेली जागा ओळ संपून पलीकडे भिंतीत जाई. बाविसावे आणि तेविसावे स्तोत्र यांतील अंतर त्यामानाने किरकोळ म्हणावे लागेल.

छपाईच्या आठ दिवस आधी वादाचा विषय निघाला तो यंत्राशी नव्हे, माणसाशी. मुद्रिते पाहण्यासाठी एका निवृत्त शिक्षकांना बोलावले होते. मराठीवर त्यांचे प्रभुत्व मोठे. त्यांनी झाडीबोलीच्या रकान्यावर लाल शाईचा सडा घातला. झाडीबोलीत 'ळ' नाही. डोळा तेथे 'डोरा' होतो. 'ण' नाही, पाणी 'पानी' होते. गुरुजींनी प्रत्येक ठिकाणी शुद्ध रूप लिहून ठेवले. संगणकावरील शब्दतपासणीनेही याच शब्दांखाली लाल रेघा ओढल्या होत्या. त्या तरुणाने गुरुजींना जे उत्तर दिले ते मी शब्दशः देत नाही. पण त्याचा आशय असा, की कंपायलर दोन प्रकारे बोलतो. एक चूक, जिच्यामुळे काम अडते. दुसरा इशारा: मला हे अनोळखी वाटते, तुम्हांला हेच म्हणावयाचे असेल तर माझी हरकत नाही. गुरुजी, हा रकाना सगळा दुसऱ्या प्रकारात घाला. गुरुजी काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी चष्मा पुसून, त्यांची आजी डोळ्याला काय म्हणत असे ते आठवून सांगितले, आणि त्यांच्या आजीचे आणखी अकरा शब्द त्या रकान्यात दाखल झाले.

माडियाच्या रकान्यासाठी मात्र गुरुजी नव्हते आणि तपासणी करणारी आज्ञावलीही नव्हती. तेथे चूक आणि बरोबर ठरवणारी एकच व्यक्ती: त्या तरुणाची आजी, जी अक्षर वाचत नाही. शब्द मोठ्याने म्हणावयाचा आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहावयाचे. काही ध्वनी देवनागरीत नेमके बसेनात. एकाच शब्दाचा स्वर दोन मुलांनी दोन प्रकारे लिहून आणला होता आणि आजीने दोन्हींना मान हलवली होती.

पुस्तिका वेळेत छापून झाली. पाऊस धरण्याआधी सिस्टर दोन गठ्ठे घेऊन जीपने गेल्या. फाइली अजून त्या जुन्या यंत्रावर आहेत. परवा मी सहज माडियाचे प्रकरण उघडून पाहिले. जेथे शब्दाबद्दल शंका राहिली तेथे त्या तरुणाने टक्क्याचे चिन्ह देऊन पुढे लिहून ठेवले आहे, 'आजीला पुन्हा विचारणे'. टेक ते वाचत नाही, छापत नाही, तक्रारही करत नाही. अशा सात ओळी आहेत. आजीचे गाव नदीपलीकडे आहे आणि पाणी ओसरावयास अजून अवकाश आहे.